उभ्या गाडीचं ॲव्हरेज

रविवारी सकाळी सव्वासातला बाबांचा फोन आला. जीपनं सहा पॉइंट चार दिलं, एवढं सांगून त्यांनी तो ठेवला.

सहा वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरातली गोष्ट. मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते आणि रविवारचा अंक मार्गी लावून पहाटे झोपले होते. अर्धवट झोपेत मी 'बरं' म्हटलं. मग उठून बसले. सहा पॉइंट चार हा आमच्या जीपचा आकडा नव्हता.

जीपचं ॲव्हरेज हा आमच्या घरात हवापाण्यासारखा विषय होता. माझे वडील, मुकुंद शिंत्रे, गडहिंग्लजला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मी जन्मले त्या वर्षी त्यांनी सरकारी लिलावात ही जीप घेतली आणि निवृत्तीनंतर तिच्यातूनच आईसह आजऱ्याच्या वरच्या अंगाला, काजूच्या बागेत राहायला गेले. बागेपर्यंत डांबर पोचत नाही. शेवटचा चढ जांभ्या दगडांचा आहे, त्यावर चारही चाकांना ओढ असलेली गाडीच चढते. बाबा दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी टाकी काठोकाठ भरायचे, तोंडी भागाकार करायचे आणि घरी येऊन आईला आकडा सांगायचे. आई तो लक्षात ठेवायची. "लिहून कशाला ठेवायचं? प्रमिला आहे ना," असं ते म्हणायचे. आणि खरोखरच, कुठल्या दिवाळीला किती दिलं होतं हे आई भाजी निवडता निवडता सांगायची.

रविवारी तोच आकडा ते आम्हा मुलांना फोनवर कळवायचे. बाकी बोलणं फारसं नसे. आई कुठे म्हणून विचारलं की पूजेत आहे, नाहीतर बागेत गेलीय.

थोड्या वेळानं माझ्या भावाचा, निरंजनदादाचा, फोन आला.

"किती सांगितलं तुला?"

"सहा पॉइंट चार."

"मलाही तेच. जुलैत दहा होतं, दसऱ्याला आठ. वीणा, गाडी अशी पायऱ्या उतरत नाही. बाबा फोर-व्हील टाकतात आणि काढायला विसरतात, मला खात्री आहे. वय झालंय त्यांचं. एक दिवस त्या उतारावर ब्रेकऐवजी भलतंच काही दाबतील."

"इंजिनाचं काही असेल."

"असेल तर बघून ये. आमच्या ऑफिसात एक जण आहे, त्याला रविवारी डोंगरात उधळायला जुनी जीप हवीय. परवा बघायला जायला तयार आहे. तू फक्त एवढंच बघ, बाबांना अजून नीट चालवता येते का. नसेल तर मी त्याला पाठवतो."

"आणि जीप गेली की ते दोघं वर राहणार कसे?"

"राहायचं कशाला? इथे माझ्याकडे खोली रिकामी आहे."

तोच त्याचा बेत होता आणि त्यात वाईट काही नव्हतं. मी त्याच रात्रीची बस धरली.

सोमवारी उजाडता उजाडता आजरा स्टँडवर उतरले तेव्हा बाबा जीपच्या बॉनेटला टेकून उभे होते. स्वेटर, मफलर, दाढी केलेली.

"या. पुण्याहून तपास पथक आलं."

"मी सहज आलेय, बाबा."

"सोमवारी सहज? बस पुढे."

"आई नाही आली?"

"घरी आहे. कमळाबाई आहे सोबत. सकाळी बरी असते ती."

गुडघ्यांबद्दल म्हणत असतील असं मला वाटलं.

तपास कसा करायचा हे त्यांनीच ठरवलं. आधी पंपावर गेलो. टाकी भरत आली तशी त्यांनी मला खाली उतरवलं आणि आम्ही दोघांनी जीपला कमरेनं धक्के देऊन ती गदागदा हलवली. टाकीतली हवा बुडबुड करत वर आली, मग आणखी थोडं डिझेल मावलं. पंपावरचा माणूस हसला. "सर, आज ताईंनापण कामाला लावलंय काय?"

"परीक्षा आहे आमची," बाबा म्हणाले. "बाहेरून परीक्षक आलेत."

मग गुंडूच्या गॅरेजला. गुंडू मिस्त्री या जीपच्या अंगाखांद्यावर वाढलेला माणूस. त्याच्या वडलांनी तिला डिझेलचं इंजिन बसवलं होतं. त्यानं एअर फिल्टर काढून झटकला. लाल धूळ उडाली, पण फिल्टर मोकळा होता. डिझेल कुठे गळत नव्हतं. चाकं वर उचलून हातानं फिरवली. चारही सुटी फिरली, ब्रेक कुठे धरून बसला नव्हता.

"गाडीला कायबी झालेलं न्हाई, ताई."

"मग सहा का देते?"

गुंडूनं बाबांकडे पाहिलं. बाबा टायरकडे पाहत होते.

"हवा कमी हाय थोडी," तो म्हणाला. "सरच म्हणत्यात मऊ ठेव. आन मागच्या स्प्रिंगांच्या कमानीतला येक पाटा काढलाय. त्यानं गाडी कमी उडती. पण तेवढ्यानं एवढं पडत न्हाई. अर्धा, फार तर एक."

"पाटा का काढला?"

"दगडावर आपटते," बाबा म्हणाले. "कंबर धरते."

मी मनात नोंद केली: कंबर. दादाला सांगण्यासारखी एक गोष्ट मिळाली होती.

गडहिंग्लजला जाताना मी चालवली. बाबा शेजारी हाताची घडी घालून बसले आणि त्यांनी एकदाच तोंड उघडलं, मी वळणाआधी ब्रेक दाबला तेव्हा. "आता जे दाबलंस ना, ते डिझेलच दाबलंस. वेग कमवायला पैसे मोजलेत, तो असा पायाखाली का चुरडायचा? आधीच पाय काढायचा."

"कंपनीचा आकडा किती होता हो हिचा?"

"कंपनीचा आकडा खोलीतला असतो. वारा नाही, चढ नाही, मागच्या सीटवर काजूची पोती नाहीत. गाडी किती देते हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या रस्त्यावर, कोण बसलेलं असताना, हे विचारायला हवं."

मेडिकलच्या दुकानासमोर थांबलो. "चालू राहू दे, दोन मिनिटांत येतो म्हणालात ना?" असं मी म्हणेपर्यंत त्यांनी हात लांब करून चावी फिरवली होती.

"उभ्या गाडीचं ॲव्हरेज किती?"

"शून्य," मी म्हटलं. लहानपणी हे उत्तर आम्ही दोघं भावंडं मागच्या सीटवरून ओरडून द्यायचो. फाटक लागलं, म्हशी आडव्या आल्या, आई भाजी घ्यायला उतरली, की बाबा इंजिन बंद करायचे आणि विचारायचे. मे महिन्याच्या उन्हात फाटकापाशी आईला वारा लागावा म्हणूनसुद्धा त्यांनी कधी ते चालू ठेवलं नाही. त्यावरून तिचे त्यांचे खटके उडायचे.

बाबा गोळ्यांची पिशवी घेऊन आले आणि येताना ते चालवायला बसले. मी त्यांच्याकडे, एखाद्याची नकळत परीक्षा घ्यावी तसं, पाहत राहिले. मला एकही चूक सापडली नाही. उतारावर ते गिअरमध्ये उतरत होते, चढाच्या आधी वेग धरत होते, समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला तेव्हा तो दिसायच्याही आधी डावीकडे झाले होते. फोर-व्हीलची छोटी दांडी जागेवर होती. आजऱ्यात त्याच पंपावर, त्याच नळीनं पुन्हा टाकी भरली, पुन्हा जीप हलवली.

बाबांनी वर आभाळाकडे पाहत भागाकार केला.

"अकरा पॉइंट एक. पाटा काढलेला असून. झालं समाधान?"

"बाबा, मग सहा पॉइंट चार कुठनं येतं?"

"तो दुसरा रस्ता आहे," ते म्हणाले आणि वर घरी जायला निघाले.

आई दारात उभी होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला. "आलीस? किती वाळलीस गं!" तिनं माझ्या गालांवरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. जेवायला घनसाळचा भात होता आणि काजूची उसळ. वाढलं मात्र कमळाबाईनं, बागेत काम करणाऱ्या बाईनं. आई माझ्याशेजारी बसून होती. बसनं आलीस का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. भाताच्या दुसऱ्या वाढपाला तिनं पुन्हा विचारलं, बसनं आलीस का?

"प्रमिला, आज अकरा पॉइंट एक दिलं," बाबा म्हणाले. "गेल्या वर्षी गणपतीत किती होतं गं?"

आई हसली. "चांगलं होतं."

"अकरा पॉइंट तीन होतं, नाही का?"

"हो की. तेच म्हणतेय मी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ताक वाढायला सांगितलं.

दुपारी मी दादाला फोन केला. घरात रेंज येत नाही, म्हणून मी फणसाखाली जाऊन बोलले.

"चालवतात कसे?"

"माझ्यापेक्षा बरे. आम्ही टाकी ते टाकी मोजलं. अकरा पॉइंट एक."

"मग घरचा आकडा सहा कसा? कुणी डिझेल काढून घेतं का?"

"टाकीला कुलूप आहे, चावी त्यांच्या जानव्याला."

"म्हणजे कुठेतरी जातात. रोज. आणि सांगत नाहीत. वीणा, वाट चुकत असतील. आमच्याकडे एकांचे वडील असेच... मी उद्या त्या माणसाला पाठवतो. पाहू दे तरी."

मी वळले तर बाबा पायरीवर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

"उद्या येतोय का गिऱ्हाईक?"

"दादा म्हणतोय, नुसतं बघू दे."

ते जीपपाशी गेले, पुढच्या डाव्या सीटवर अंथरलेली गोधडी काढली, झटकली, घडी मोडून पुन्हा अंथरली आणि कडा नीट खोचल्या. मग मागच्या टायरला अंगठ्यानं दाबून पाहिलं.

ऊन कलायला लागलं तशी आई उठली. तोवर ती ओटीवर शांत बसून होती. आत गेली आणि थोड्या वेळानं बाहेर आली ती इरकल नेसून, केसांत अबोलीचा गजरा घालून. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक लुगडं, कंगवा, बिस्किटांचा पुडा. चेहरा दुपारचा नव्हता. ओढलेला होता, डोळे इकडेतिकडे धावत होते.

"चला. उशीर झाला. आई वाट बघत असेल."

"कुणाची आई?" मी विचारलं.

"माझी! नेसरीला जायचंय मला. किती वेळ झाला सांगतेय, इथे कुणी ऐकतच नाही. हे घर कुणाचं आहे? मला घरी जाऊ द्या." तिचा आवाज चिरकला आणि तिनं दाराची कडी धरून हलवायला सुरुवात केली.

नेसरी तिचं माहेर; तिची आई जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती. मी ते सांगायला तोंड उघडलं. बाबांनी नुसती मान हलवली.

"गाडी आलीय, वहिनी," ते म्हणाले. भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरसारखा मफलर डोक्याला गुंडाळून त्यांनी तोवर जीपचं दार उघडलं होतं. "नेसरीला ना? बसा. रस्ता खराब आहे, जरा सावकाश नेतो."

आईनं कडी सोडली. "सावकाशच न्या, मामा. मला उलटी होते."

मी मागे चढले. आईनं वळून पाहिलं. "ही कोण?"

"वाटेत हात केला. तिलाही तिकडेच जायचंय."

"बसू दे, बसू दे. एकटी पोर आहे."

बाबांनी छोटी दांडी मागे ओढली. खाली काहीतरी घट्ट बसल्याचा आवाज झाला. या गिअरात चारही चाकं ओढतात आणि गाडी माणसाच्या चालीनं जाते. इंजिन मात्र जोरात धावत असतं. जीप घुमत, डोलत वरच्या सड्यावर निघाली. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा सपाट कातळ. तिथून नेसरीला वाट नाही. तिथून कुठेच वाट नाही. वाळलेल्या गवतातून चाकांच्या दोन रेघा तेवढ्या गेलेल्या होत्या, पुनःपुन्हा गेल्यामुळे गुळगुळीत झालेल्या.

दगड आले की बाबा जवळजवळ थांबत. एक चाक चढवत, मग दुसरं. मऊ टायर दगडावर दबायचे आणि गाडी आपटायच्याऐवजी नुसती वाकायची. आईचे खांदे हळूहळू खाली आले. पिशवी तिनं मांडीवर ठेवली.

"मामा, नेसरी किती लांब राहिली?"

"ही काय, आलीच."

"त्या म्हशी कुणाच्या सुटल्यात?"

उजवीकडे गव्यांचा कळप चरत होता. "पाटलांच्या असतील," बाबा म्हणाले.

"दूध चांगलं देतील." ती कळपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमची गाडी किती देते हो?"

"सहा देते, वहिनी."

"अगंबाई! सहाच? आमच्या ह्यांची अकरा देते."

"चांगले चालवत असतील तुमचे हे."

"चांगले? अहो, हात बघावा त्यांचा. पण भारी तऱ्हेवाईक. फाटकात गाडी उभी राहिली की लगेच बंद. माणूस उकडून मरेना का! मी म्हणते, थोडं चालू राहू दे, तर मास्तरकी सुरू. मास्तरच आहेत ते."

"त्रास देतात म्हणायचे."

"छे! त्रास नाही." तिनं पदर सारखा केला. "कॉलेजातनं आले की आधी मला सांगणार, आज किती दिलं. मग चहा. मला सगळे पाठ आहेत. आंबोलीला गेलो तेव्हा दहा पॉइंट नऊ. ज्योतिबाला अकरा पॉइंट सहा, परत येताना उतार होता ना. निरंजनला बोर्डिंगात सोडायला गेलो तेव्हा दहा पॉइंट दोन. दोघं येताना कुणी बोललो नाही." ती एकेक सांगत गेली. आवाज खणखणीत, जुना. दुपारी तिला काल आठवत नव्हता. इथे, या घुमणाऱ्या गाडीत, तिला सगळा जन्म दशांशासकट आठवत होता. बाबा मधूनच 'हं' म्हणत होते आणि दोन्ही हातांनी चाक सांभाळत होते.

"सगळ्यात कमी कधी दिलं होतं, वहिनी?"

हा प्रश्न ते रोज विचारत असणार. विचारण्याच्या सुरावरून ते कळत होतं.

"वीणा झाली तेव्हा," आई म्हणाली. "बेळगावच्या दवाखान्यातनं आणली तिला. तेव्हा नवी होती हो गाडी, म्हणजे आम्हाला नवी. त्या टाकीला नऊ पॉइंट आठ. मी म्हटलं, अहो, हिला काय झालं? तर म्हणाले, गाडीला काही झालेलं नाही, मी पहिल्या-दुसऱ्यातच आणली, पोर तुझ्या अंगावर होती." ती हसली. "अख्खा रस्ता. मागनं ट्रकवाले शिव्या देत होते."

मी मागे बसून दगडांकडे पाहत होते. आईनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला, दोन बिस्किटं माझ्याकडे केली. "घे गं बाळ. भूक लागली असेल. कुणाची तू?"

"शिंत्र्यांची," मी म्हटलं.

"हो का? आमचीच की मग."

सूर्य टेकला तेव्हा तिची मान खिडकीकडे कलली होती. बाबांनी एका हातानं गोधडीचं टोक तिच्या डोक्याखाली सारलं. सड्याच्या काठाशी जीप थांबवली आणि छोटी दांडी सोडवली. इंजिन संथ झालं, बंद झालं नाही. खालच्या गावात दिवे लागत होते. आम्ही तसेच बसलो. काही वेळानं मी पुढे वाकून चावीकडे हात नेला. तो सवयीनंच गेला.

बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. बंद केलं की उठते. मग कुठे आणलंत मला म्हणून रडते. असं तासभर झोपू दिलं की शांत होते. मग घरी नेतो, जेवते, झोपते."

"बाबा, उभ्या गाडीचं..."

"शून्य. माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"मिरगापासून. आधी अंगणातच फेऱ्या मारायचो. मग वर यायला लागलो."

"डॉक्टर?"

"कोल्हापूरला दाखवलं. गोळ्यांनी थोडं हळू होईल म्हणाले. थांबणार नाही." त्यांनी मफलर सोडला. "पुण्याला नेलं तर तिथल्या दारापुढे उभी राहील. तुमच्याकडे रस्ते आहेत, पण असा नाही. तिथे मागून हॉर्न वाजवतात."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"ॲव्हरेज सांगत होतो ना," बाबा म्हणाले.

माझा फोन वाजला. सड्यावर रेंज चांगली असते. दादा होता.

"काय ठरलं? तो माणूस उद्या सकाळी निघेल म्हणतोय. आणि हा आवाज कसला?"

"जीपचा."

"चाललात कुठे?"

"कुठे नाही. उभे आहोत."

"उभे आहात आणि इंजिन चालू? बाबा शेजारी आहेत ना? देवा! वीणा, मी म्हणत होतो ना, ते विसरायला लागलेत."

मी दार उघडून उतरले, गवतात थोडं लांब गेले आणि त्याला सगळं सांगितलं. बातमी सांगावी तसं: कोण, कधीपासून, कुठे, डॉक्टर काय म्हणाले. मग नेसरी सांगितली, मामा सांगितलं. नऊ पॉइंट आठ सांगितलं. शेवटी बोर्डिंगचा आकडा सांगितला.

"आता झोपलीय?" त्यानं विचारलं.

"झोपलीय. इंजिन बंद केलं की उठते."

"मग बंद करू नका म्हणावं," दादा म्हणाला.

गिऱ्हाईक आलं नाही. पंधरवड्यानं दादा आला. तोही मागच्या सीटवर बसला आणि त्यालाही बिस्किटं मिळाली. पुढे आम्ही आळीपाळीनं जात राहिलो. बाबांच्या रविवारच्या फोनमध्ये फरक पडला नाही. पाच पॉइंट नऊ. पाच पॉइंट पाच. एका पावसाळ्यात, चिखलात, चार पॉइंट आठ. फोन ठेवला की मी दादाला लावायचे किंवा तो मला. "किती?" "पाच पॉइंट दोन." "छान," तो म्हणायचा. आकडा खाली असला की आमचा रविवार बरा जायचा. हे आम्ही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

आज रविवार. सकाळी सव्वासातला फोन आला.

"अकरा पॉइंट तीन," बाबा म्हणाले.

सहा वर्षांत घरचा आकडा एवढा वर कधी गेला नव्हता.

"आई कशी आहे?"

"झोपली आहे."

"संध्याकाळी..."

"संध्याकाळी उठत नाही आता. टायरची हवा वाढवून घेतली. गुंडूनं पाटा परत बसवून दिला." मागे कमळाबाईचा आवाज येत होता, काय म्हणते ते कळत नव्हतं. "तू विचारशील म्हणून सांगतो, टाकी भरून ठेवलीय. पूर्ण. हलवून."

"एकट्यानं हलवलीत?"

"पंपावरचा पोरगा होता."

फोन तुटला. पुन्हा लावला तर रेंज नव्हती. दादाला लावला. त्यानं "किती?" विचारलं, मी सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी गाडी काढतो," तो म्हणाला. "खाली येऊन थांब."

आज दुपारी आम्ही आजऱ्यात पोचलो आहोत. पुढच्या चढावर दादाची गाडी जात नाही, म्हणून गुंडूच्या गॅरेजपाशी थांबलो आहोत. बाबांचा फोन लागत नाही. गुंडू म्हणतो, सकाळपासून जीप खाली आलेली नाही. वर सड्यावर इंजिन ऐकू येतंय का, म्हणून दादा आणि मी तिकडे कान लावून उभे आहोत.